दान कुणाच्या खिशातलं?

आपल्या शहरांत एक नवीन पोथी निघायला लागलीय. नगराध्यक्षाचं चरित्र. साहेबांची साठी झाली की निघते, नाहीतर निवडणूक जवळ आली की निघते. गुळगुळीत कागद, वर हारतुऱ्यातला फोटो. आत पहिल्या पानावर गरिबीतलं बालपण, मग समाजकार्याची ओढ, मग नगरसेवक, मग सभापती, मग खुर्ची. शेवटची पंधरा-वीस पानं नुसती दानाची. वह्या वाटल्या, चष्मे वाटले, अनाथाश्रमाला पंखे दिले, गोशाळेला चारा दिला, चौदा एप्रिलला आपल्या वस्तीच्या तोंडाशी थंड पाण्याचे जार ठेवले. फोटोत आपली म्हातारी माणसं हात पुढं करून उभी. कॅमेऱ्याकडं बघायचं की चष्म्याकडं, त्यांना कळत नाही.

अशीच एक पोथी माझ्या हातात आली. गावाचं नाव सांगत नाही, कारण गाव कुठलंही घाला, पोथी तीच आहे. तिच्यात साहेबांना सुरबानाना टिपणीसांचे वारस म्हटलंय. जसं महाडच्या नगराध्यक्षांनी चवदार तळं अस्पृश्यांना दिलं, तसं आमच्या साहेबांनी दलित वस्तीला पाण्याची टाकी दिली, असा एकूण मजकूर. आणि हे लिहिणारा आपल्यातलाच, एम.ए. झालेला. म्हणून मला हे लिहावं लागतंय. साहेबांसाठी मी शाई घालवली नसती.

‘चवदार तळं दिलं.’ कुणी दिलं? कुणाला दिलं? कुणाच्या सातबाऱ्यावर होतं ते?

आधी सुरबानाना कोण ते बघू, कारण आपल्या पोरांना मनुस्मृतीचं दहन माहीत असतं, पण महाडच्या म्युनिसिपालिटीचा कागद माहीत नसतो. सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस. जातीनं कायस्थ प्रभू. महाड म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष. मुंबई कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांनी 4 ऑगस्ट 1923 ला ठराव पास करून घेतला की सार्वजनिक पैशातून बांधलेली वा सरकारी संस्थांच्या ताब्यातली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कोर्टकचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना मोकळे असावेत. सरकारनं तसा हुकूम काढला. बहुतेक म्युनिसिपालिट्यांनी तो फायलीत घालून वर दगड ठेवला. महाडनं मात्र जानेवारी 1924 मध्ये, सुरबानानांच्या अध्यक्षपणात, आपली तळी मोकळी केल्याचा ठराव केला.

हे मोठं काम आहे. मी ते लहान करायला बसलेलो नाही. त्या काळात स्वतःच्या आळीत, स्वतःच्या जातीत, रोज तोंड दाखवायचं असताना असा ठराव करायला छाती लागते. पण त्या ठरावात ‘दान’ हा शब्द घुसडणारा माणूस एक तर अडाणी आहे नाहीतर लबाड आहे. चवदार तळं म्युनिसिपालिटीच्या ताब्यातलं. त्यात मुसलमान पाणी भरायचा, ख्रिस्ती आला तर त्याला कुणी अडवत नव्हतं, गुरंढोरं प्यायची. फक्त आपल्याला बंदी. म्हणजे जे आधीपासून आपलं होतं त्याच्यावर बसलेला चोर उठवायचा होता. चोर उठवणाऱ्याचे आभार मानावेत, जरूर मानावेत. पण माल त्यानं दिला असं कसं म्हणता येईल?

आणि पुढं काय झालं तेही पोथीवाल्यानं लिहिलं नाही. ठराव 1924 चा. 1924 गेलं, 25 गेलं, 26 गेलं. एकाही महाराचामहाराच्या ओंजळीत त्या तळ्याचं पाणी आलं नाही. कागद मोकळा आणि तळं बंद. महाडच्या बाजाराला आलेला आपला माणूस तहानलेला यायचा आणि तहानलेला जायचा. रामचंद्र बाबाजी मोरे या तरुण पोरानं महाडात आपल्या लोकांसाठी चहाचं दुकान काढलं, ते यासाठी की बाजारकऱ्याला निदान बसायला जागा आणि घोटभर पाणी मिळावं. मोऱ्यांचा फोटो कुठल्या नगरपालिकेच्या सभागृहात लागलाय का, बघून या.

मार्च 1927. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद, 19 आणि 20 तारीख. खेड्याखेड्यांतून भाकरी बांधून हजारो माणसं आली. म्युनिसिपालिटीनं तीन वर्षांपूर्वी तळी मोकळी केलेली, आणि परिषदेला प्यायला पाणी किती रुपयांचं विकत घ्यावं लागलं? चाळीस रुपयांचं. सवर्णांकडून. 1927 सालचे 40 रुपये! पोरांनो, हा आकडा पाठ करा. कुणी तुम्हाला चांगल्या नगराध्यक्षाची गोष्ट सांगायला लागला की त्याला हा आकडा सांगा. त्या गावाला तर चांगला अध्यक्ष मिळालेला होता. आपल्या बाजूचा, सच्चा. तरीसुद्धा पाणी विकत.

20 मार्चला बाबासाहेब पुढं आणि मागं रांगेनं ती माणसं तळ्यावर गेली, पाणी प्यायली. तेव्हा कुठं त्या ठरावाला अर्थ आला. मग अफवा उठली की हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. लाठ्या निघाल्या. मंडपात जेवत बसलेल्या, परतीच्या वाटेला लागलेल्या बायाबापड्यांना मारलं. नंतर 108 घागरी पाणी काढून, शेण, गोमूत्र, दूध, दही घालून भटांनी तळं शुद्ध केलं. शेणानं शुद्ध होतं आणि माणसानं बाटतं, असलं ते पाणी. आणि 4 ऑगस्ट 1927 ला महाडच्या म्युनिसिपालिटीनं आपला ठराव रद्द केला. तारीख बघितली का? बोल्यांच्या ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षं झाली होती. मुद्दाम केलं नसेल. पण इतिहासाला कधीकधी मुस्काटात मारायची हुक्की येते.

ज्या सभागृहानं हात वर करून दिलं त्याच सभागृहानं हात वर करून काढून घेतलं. एवढंच असतं नगरपालिकेच्या चांगुलपणाचं आयुष्य. खुर्चीवर माणूस कोण आहे यानं फरक पडतो, नाही असं नाही. पण त्याच्या मागं उभी राहिलेली वस्ती नसेल तर त्याची सही पुढच्या बैठकीपर्यंतच टिकते.

डिसेंबरातल्या सत्याग्रहाला गावात जागा द्यायला एक हिंदू तयार झाला नाही. जागा दिली फत्तेखान नावाच्या मुसलमानानं. सनातन्यांनी आधीच कोर्टातून मनाई आणलेली. तळं खाजगी आहे, रूढी अनादी आहे, असा त्यांचा दावा. 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली. तळ्याचा खटला मात्र खालच्या कोर्टांतून वर वर चढत हायकोर्टात गेला आणि 17 मार्च 1937 ला निकाल लागला. रूढी अनादी असल्याचं वादींना शाबीत करता आलं नाही. ठरावापासून मोजा, 13 वर्षं. आणि या सगळ्या झगड्याचा गाभा काय होता? तळं म्युनिसिपालिटीचं आहे, म्हणजे सगळ्यांचं आहे, एवढंच. बाबासाहेब कोर्टात कुणाची दया मागायला उभे नव्हते. सार्वजनिक या शब्दाचा अर्थ मागायला उभे होते.

आता सुरबानानांचं मोठेपण कशात, ते मी माझ्या मतानं सांगतो. ठरावात आहे, पण त्याहून जास्त पुढच्या वागण्यात आहे. ते परिषदेच्या बाजूला उभे राहिले. तळ्यावर चला असं भर परिषदेत म्हणणारे अनंतराव चित्रे हेही कायस्थ प्रभूच. दोघं बाबासाहेबांबरोबर राहिले. स्वतंत्र मजूर पक्ष निघाला तेव्हा सुरबानाना त्याच्यात होते आणि 1937 ला त्या पक्षातर्फे कायदेमंडळात निवडून गेले. बघा, देणाऱ्याच्या जागेवरून उठून हा माणूस अस्पृश्य पुढाऱ्याच्या हाताखाली कार्यकर्ता झाला. आपल्या नगराध्यक्षाला विचारा, साहेब, उठता का खुर्चीवरून? आमच्या पक्षात साधा सभासद म्हणून येता का? पावती फाडतो. मग वारस म्हणा खुशाल.

दान करायला माझी ना नाही. पण दान स्वतःचं असावं लागतं. जोतीराव फुल्यांनी 1868 साली स्वतःच्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना मोकळा केला. तो त्यांचा होता. ते दान म्हणायचं असेल तर म्हणा, जोतीराव स्वतः तसं म्हणाले नसते. हेच जोतीराव 1876 ते 1882 पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या स्वागताला म्युनिसिपालिटीनं 1000 रुपये उडवायचं काढलं. 32 सभासदांत विरोध करणारे हे एकटे. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा म्हणाले. म्हणजे हौद घरचा होता तिथं उघडला, आणि पैसा लोकांचा होता तिथं हिशेब मागितला. हा फरक ज्याला कळला त्याला नगरपालिका कळली. आमच्या साहेबांचं उलटं आहे. घरची टाकी कुलपात आणि पालिकेच्या टाकीवर स्वतःचं नाव, बापाचं नाव, वॉर्डाच्या नेत्याचा फोटो.

टाकीचा पैसा कुठून येतो माहीत आहे का? दलित वस्ती सुधार योजनेतून. सरकारचा पैसा, तुमच्या-माझ्या वस्तीच्या नावानं आलेला. अनेक गावांत तो वर्षवर्ष पडून राहतो, नाहीतर वस्तीच्या नावानं दुसऱ्याच आळीचा रस्ता होतो. त्यातनं एखादी टाकी झाली की फीत कापायला मांडव. आपला पैसा, आपलं पाणी, आपलीच तहान, आणि आभार मानायला आपणच रांगेत.

माझी आई नगरपालिकेत झाडूला होती. कुठल्या ते राहू द्या. एका दिवाळीला नगराध्यक्षांनी सफाईच्या सगळ्या बायांना स्टेजवर बोलावून साडी दिली. जांभळी, किनार पिवळी, एकाच ठाणातल्या सगळ्या. भाषण झालं, की या आमच्या भगिनी शहराच्या लक्ष्मी आहेत. त्या वर्षी महागाईभत्त्याचा फरक थकलेला होता, हातमोजे दोन वर्षं आलेले नव्हते, आणि ज्या गटारीत बाया उतरायच्या तिथं रॉकेल चोळून गेलं तरी वास जायचा नाही. आई घरी आली, साडी खुंटीला टांगली आणि म्हणाली, ‘लक्ष्मीला पगार नसतुय व्हय रं?’ ती चौथी शिकलेली. पोथी लिहिणारा एम.ए. आहे.

त्या साडीचं बिल पालिकेच्या कुठल्या लेखाशीर्षातून गेलं, हे मी नंतर शोधायला गेलो. मिळालं नाही. फाईल ऑडिटला गेलीय, साहेब रजेवर आहेत, पुढच्या सोमवारी या. सोमवार अजून यायचाय.

मोठ्या शहरात हेच सभ्य भाषेत चालतं. मुंबई महापालिकेनं वस्त्यांच्या सफाईला दत्तक वस्ती योजना आणली, पुढं तिचं नाव स्वच्छ मुंबई प्रबोधन अभियान झालं. त्यात झाडणाऱ्या माणसाला कामगार म्हणत नाहीत, स्वयंसेवक म्हणतात. कामगार म्हटलं की किमान वेतन येतं, प्रॉव्हिडंट फंड येतो, रजा येते, युनियन येते. स्वयंसेवक म्हटलं की मानधन टेकवायचं आणि समाजसेवा म्हणायची. दत्तक! शब्द बघा. लेकरू करून घेतलं, वारसा मात्र नाही. त्याच मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघ वर्षानुवर्षं भांडला आणि 2017 साली सुप्रीम कोर्टातून 2700 कंत्राटी सफाई कामगार कायम करून घेतले. महापालिका दर पायरीवर विरोधात उभी होती. एखाद्या कामगाराला हार घालताना महापौरांचा फोटो आणि त्याच कामगाराच्या विरोधात कोर्टात महापालिकेचा वकील, दोन्हींचा खर्च एकाच तिजोरीतून.

आणि मेनहोल. मैला उचलायला लावायची बंदी 1993 च्या कायद्यानं आली, 2013 ला आणखी कडक कायदा आला. संरक्षक साधनांशिवाय गटारात नाहीतर सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवला तर पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद नाहीतर दोन लाखांपर्यंत दंड. मार्च 2014 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, 1993 पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या घरच्यांना 10 लाख द्या. ऑक्टोबर 2023 ला ती रक्कम 30 लाख केली. या रकमेचा चेक द्यायला जेव्हा नगराध्यक्ष येतात तेव्हा सांत्वनपर भेट म्हणून पेपरात बातमी येते. आर्थिक मदतीचा हात. अरे, मदत कसली? कोर्टानं ठरवलेली ती भरपाई आहे. ज्या संस्थेच्या गटारात माणूस मेला तिचा प्रमुख चेक घेऊन येतो आणि विधवा बाईनं त्याला नमस्कार करायचा. त्याला कुणी विचारत नाही की गुन्हा कुणावर दाखल झाला, ठेकेदार कोण, त्याला काम देणाऱ्या कागदावर सही कुणाची.

कुणी म्हणेल, ठीक आहे, मग आपला माणूस बसवू. बसवा. 74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून लागू झाली, तिच्यामुळं नगरपालिकांत अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा आहेत आणि अध्यक्षपदंही राखीव होतात. मुंबईत मंत्रालयात चिठ्ठ्या निघतात, आपल्या शहराची चिठ्ठी निघाली की त्या रात्री निळा गुलाल उडतो. मी उडवलाय, पुढंही उडवीन. पण सकाळी उठून कायदा वाचा. महापालिकेत कारभाराचा अधिकार आयुक्ताच्या हातात, पैशाच्या नाड्या स्थायी समितीत. महापौर सभेचा अध्यक्ष. त्याला गाडी मिळते, शिपाई मिळतो आणि फीत कापायची कात्री मिळते. नगरपरिषदेत नगराध्यक्षाला जोर थोडा जास्त, पण तिथंही मुख्याधिकारी असतोच. म्हणून सवर्ण पुढाऱ्याला राखीव खुर्चीची फार धास्ती नसते. तो आपल्यातला एक गरीब गाय बघतो, तिकीट देतो, आणि अडीच वर्षं तिच्या नावानं आपण दूध काढतो. मग या आपल्या माणसाकडं करायला काय उरतं? सत्कार आणि दान. मग त्याचीही पोथी निघते. निळ्या मुखपृष्ठाची.

ज्याला माझं म्हणणं अतिरेकी वाटतं त्यानं एक हिशेब करावा. मार्च 2022 मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली. त्यानंतर जवळजवळ चार वर्षं तिथं ना महापौर होता ना नगरसेवक. प्रशासक होता. लोकशाहीच्या दृष्टीनं ते वाईटच, निवडणुका लांबवणं हा सरळ दरोडा होता. पण शहर कुजलं का? नाही. आता महापौराऐवजी सफाई कामगार चार दिवस काढून बघा. चार वर्षं नकोत, चार दिवस. म्हणूनच एके काळी या शहरांच्या कायद्यात झाडूवाल्यानं काम सोडणं गुन्हा होतं. बाबासाहेबांनी त्यावर लिहून ठेवलंय. महापौरानं काम सोडणं कधी गुन्हा नव्हता.

वारसा हक्काचंही बोलायला पाहिजे. लाड-पागे समितीच्या शिफारशींवरून सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. ती काढून घ्या असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही, त्या नोकरीवर माझं घर उभं राहिलंय. पण एवढ्या मोठ्या पालिकेत मुलाला बापाच्या जागी हक्कानं लावून घ्यायची एवढी आस्था फक्त झाडूच्या बाबतीतच कशी येते? वारसाचं शिक्षण बघून त्याला कारकुनीत घ्या म्हटलं की लगेच जागा रिक्त नसतात.

तर पोथी लिहिणाऱ्या मित्रा, तुझ्याशी माझं वैर नाही. तुला छपाईचे पैसे मिळाले असतील, तुझ्या घरी चूल आहे, समजू शकतो. पण सुरबानानांचं नाव त्या पानावरून काढ. नाही काढलंस तर त्याच्या शेजारी 40 रुपये लिही. 4 ऑगस्ट 1927 लिही. आणि फत्तेखानाचं नाव लिही.

बाकीच्यांना काम आहे. नगरपालिकेचं अंदाजपत्रक मार्चच्या आत मंजूर होतं, त्याची प्रत मागा. माहितीच्या अधिकाराचा कायदा 2005 पासून आहे, अर्जाला 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. चारच गोष्टी विचारा. दलित वस्ती सुधार योजनेत गेल्या पाच वर्षांत किती आले आणि कुठल्या गल्लीत गेले. सफाई कामगारांना बूट, हातमोजे कुठल्या तारखेला दिले, सहीच्या यादीसकट. कंत्राटी कामगार किती, ठेकेदार कोण, त्यांचा प्रॉव्हिडंट फंड भरला का, चलनाची प्रत. आणि सत्कार, साड्या, मांडव, जाहिराती यांवरचा खर्च कुठल्या लेखाशीर्षात टाकला. अर्ज एकट्यानं नेऊ नका, वस्तीतल्या चार बाया बरोबर घ्या, झाडूवाल्या असतील तर उत्तम. दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.